अंधाराचा छायाचित्रकार

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पौषातली गोष्ट. पौषात लग्ने नसतात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ज्या फोटो स्टुडिओत मी दिवे धरण्याचे काम करतो, तेथले कॅमेरे कपाटात पडून होते. स्टुडिओच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांच्याकडून एक कॅमेरा आणि तिवई दोन रात्रींकरिता मागून घेतली आणि अमावास्येच्या सुमारास आमच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. मृग नक्षत्र वर आले होते. हरिणाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आपण सर्वांनी लहानपणी पाहिलेला असतो. त्या बाणाच्या खाली एक पुसट, धुकट ठिपका आहे. तो तारा नव्हे, तो तेजोमेघ. त्याचे छायाचित्र काढायचे, एवढाच माझा बेत होता.

लग्नात मंडपाच्या टोकावरून वरमाला टिपण्यासाठी आम्ही जी लांबलचक, ३०० मिलिमीटरची लेन्स वापरतो, ती मी मोठ्या विश्वासाने लावली. वस्तू दूरची, तेव्हा भिंग मोठे हवे, हा माझा हिशेब! तीस सेकंद झाकण उघडे ठेवले. हाती काय आले? काळ्या पडद्यावर ओरखडे काढावेत तशा ताऱ्यांच्या रेघा. मेघाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना ते दाखवले तेव्हा ते हसले आणि म्हणाले की, चेहरे काढायची पन्नासची लेन्स नेली असतीस तर काहीतरी मिळाले असते. मला ती थट्टा वाटली. पण आमच्या भूगोलाच्या सरांना ही हकीगत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. अण्णांचे म्हणणे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने सिद्ध करून दाखवले आहे, असे म्हणून त्यांनी मला एक नाव सांगितले : एडवर्ड इमर्सन बार्नार्ड. ते नाव मी त्यापूर्वी ऐकलेही नव्हते. आज त्याच माणसाची कथा मी सांगणार आहे.

एडवर्डचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल या गावी झाला. जन्मापूर्वीच वडील वारले होते. आई मेणाची फुले करून विकत असे आणि त्यावर घर चाले. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. सैन्यांच्या येण्याजाण्यात नॅशव्हिल होरपळून निघाले. मेणाच्या फुलांना कोण विचारणार? घरात उपासमार, गावात पटकीची साथ. त्या साथीने एडवर्डलाही गाठले होते, पण तो वाचला. शाळा त्याच्या वाट्याला आली ती सारी मिळून दोन महिने. अक्षरओळख आईनेच करून दिली.

वयाची नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १८६६ साली तो एका छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला लागला. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. छायाचित्र मोठे करायचे तर सूर्यप्रकाशच हवा. म्हणून दुकानाच्या गच्चीवर एक अजस्र यंत्र उभे केले होते. त्याचे नाव 'ज्युपिटर', म्हणजे गुरू. सूर्य आकाशात सरकेल तसतसे ते यंत्र हाताने चाके फिरवून सूर्याकडे वळते ठेवायचे, एवढेच काम. पण किती कंटाळवाणे! आधीची मुले उन्हात बसून पेंगत आणि काम बिघडत असे. हा मुलगा पेंगला नाही. आकाशातल्या वस्तूच्या मागे तासन् तास यंत्र फिरवीत राहणे, ही पुढे त्याच्या आयुष्याची विद्याच ठरणार होती. तिचा पहिला धडा त्याने गच्चीवर, पोटासाठी गिरवला.

या दुकानात त्याने सतरा वर्षे काढली. काच कशी धुवावी, रसायन किती वेळ ठेवावे, कोणत्या भिंगातून किती उजेड येतो, हे सारे तो तेथेच शिकला. रात्री घरी परतताना तो तारे पाही. त्यांची नावे मात्र ठाऊक नव्हती. एकदा ओळखीच्या एका उनाड मुलाने त्याच्याकडून दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे परत येणार नाहीत हे एडवर्डला कळून चुकले होते, त्यामुळे पुस्तक उघडायलाही त्याचे मन घेईना. अखेर चाळले, तर ते थॉमस डिक या लेखकाचे खगोलशास्त्रावरचे पुस्तक निघाले. त्यात ताऱ्यांचे नकाशे होते. नकाशा घेऊन तो बाहेर आला आणि ज्यांना तो लहानपणापासून केवळ चेहऱ्याने ओळखत होता, त्या ताऱ्यांची नावे त्याला एका रात्रीत कळली. डोक्यावर चमकणारा त्याचा आवडता तारा म्हणजे अभिजित होता.

मग दुर्बिणीचे वेड लागले. पहिली दुर्बीण कागदी नळीची, घरी केलेली. पुढे वर्षाच्या मिळकतीपैकी दोन तृतीयांश रक्कम, म्हणजे ३८० डॉलर खर्चून त्याने पाच इंची दुर्बीण विकत घेतली. घरी आजारी आई आणि पगार तुटपुंजा. हा खर्च आपल्याकडच्या कोणत्याही घरात वेडेपणाच ठरला असता.

आणि आता येतो तो प्रसंग, जो वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो होतो. १८७७ साली अमेरिकेतील विज्ञान संस्थेचे अधिवेशन नॅशव्हिलमध्येच भरले. अध्यक्ष होते सायमन न्यूकम, त्या देशातले नामवंत खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती. एडवर्डने धीर करून त्यांची भेट घेतली आणि आपल्यासारख्याने खगोलशास्त्रात काय करावे, असे विचारले. गणित किती येते, असा उलट प्रश्न आला. गणित त्याला येत नव्हते. मग दुर्बीण बाजूला ठेव आणि आधी गणित शीक, असे न्यूकम यांनी त्याला सांगितले. एडवर्ड बाहेर आला आणि विधानभवनाच्या खांबाआड जाऊन रडला. तेव्हा त्याचे वय १९ वर्षांचे होते. आज माझेही तेच आहे.

न्यूकम यांचे काही चुकले नव्हते. त्यांनी धूमकेतू शोधण्याचा मार्गही सुचवला होता. एडवर्डने दोन्ही गोष्टी केल्या. तुटपुंज्या पगारातून गणिताची शिकवणी लावली आणि पहाटेच्या आकाशात धूमकेतू शोधू लागला. १८८१ च्या सप्टेंबरात त्याच्या नावावर पहिला धूमकेतू लागला. त्या वेळी अमेरिकेतील एच. एच. वॉर्नर नावाचे एक धनिक प्रत्येक नव्या धूमकेतूला २०० डॉलरचे बक्षीस देत. त्याच वर्षी एडवर्डचे ऱ्होडा काल्व्हर्ट हिच्याशी लग्न झाले होते. या जोडप्याने कर्ज काढून एक लहानसे घर बांधले आणि बक्षिसांच्या पैशातून ते कर्ज फेडले. लोक त्या घराला धूमकेतूचे घर म्हणत. आपल्याकडे कपाशीवर घरे उभी राहतात, ते घर शेपटीच्या ताऱ्यांवर उभे राहिले!

१८८३ साली गावातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि आपली छोटी वेधशाळा त्याच्या हाती सोपवली. दोन महिने शाळा शिकलेला हा विवाहित तरुण आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी वर्गात बसून गणित शिकला. १८८८ मध्ये तो कॅलिफोर्नियात माउंट हॅमिल्टनवर नव्यानेच सुरू झालेल्या लिक वेधशाळेत रुजू झाला. येथून पुढे त्यांना बार्नार्ड म्हणणेच योग्य.

लिक वेधशाळेची ३६ इंची दुर्बीण त्या काळी जगात सर्वांत मोठी होती. पण ती वरिष्ठांच्या ताब्यात. बार्नार्ड यांना ती कित्येक वर्षे मिळाली नाही. वेधशाळेचे संचालक एडवर्ड होल्डन आणि त्यांचे कधी पटलेच नाही. बार्नार्ड यांच्या वाट्याला आले ते एक जुने सहा इंची भिंग. हे भिंग मुळात आकाशासाठी केलेलेच नव्हते. ते छायाचित्रकाराच्या दुकानातले, माणसांचे चेहरे टिपणारे भिंग होते. न्यूयॉर्कच्या विलार्ड या पेढीच्या नावाने विकले गेलेले, म्हणून त्याला विलार्ड भिंग म्हणत. ज्याने सतरा वर्षे फोटोच्या दुकानात काढली, त्याच्या हाती पुन्हा फोटोच्या दुकानातलेच भिंग आले!

येथे थोडे भिंगांविषयी सांगायला हवे. आमच्या बांधावरच्या फजितीचे उत्तरही त्यातच आहे. जुन्या काळी छायाचित्राच्या काचा फार मंद असत. माणूस तरी किती वेळ न हलता बसणार? म्हणून १८४० साली व्हिएन्नाच्या पेट्झव्हाल यांनी रुंद तोंडाचे पण आखूड असे भिंग योजले. भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराला भिंगाच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो, त्याला छायाचित्रकार एफ क्रमांक म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितका पसरट वस्तूच्या प्रतिमेवर पडणारा उजेड जास्त, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. तारा हा बिंदू आहे. त्याला मोठ्या व्यासाचे भिंग लाभते. तेजोमेघाचे तसे नाही. तो पसरलेला असतो. लांब भिंग त्याची प्रतिमा मोठी करते खरी, पण तेवढाच उजेड मोठ्या जागेवर पातळ पसरते. वाटीभर दूध ताटात ओतावे तसे ते होते.

आता हिशेब पाहा. लिकच्या ३६ इंची दुर्बिणीची लांबी सुमारे ५८ फूट, म्हणून एफ क्रमांक सुमारे १९. विलार्ड भिंग सहा इंच व्यासाचे आणि सुमारे ३१ इंच लांबीचे, म्हणजे एफ क्रमांक सुमारे ५. दोन्हींचे वर्ग करून भागाकार केला तर फरक चौदा-पंधरा पटींचा येतो. दुकानातले भिंग जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीला मेघांच्या बाबतीत चौदा पटींनी मागे टाकत होते. शिवाय त्यात आकाशाचा प्रचंड विस्तार एकाच काचेवर मावत असे. मोठ्या दुर्बिणीला आकाशगंगा दिसतच नव्हती, कारण ती तिच्या फार जवळ नाक लावून पाहत होती.

तरीही नुसत्या भिंगाने भागत नाही. पूर्वीच्या ओल्या काचा काही मिनिटांतच वाळून निकामी होत. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि तासन् तास उजेड साठवणे शक्य झाले. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या त्याच मेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना सुमारे पन्नास मिनिटे लागली होती. बार्नार्ड यांनी १८८९ च्या उन्हाळ्यात धनू राशीकडच्या आकाशगंगेवर विलार्ड भिंग रोखले आणि ते तीन तासांहून अधिक वेळ उघडे ठेवले. यंत्र आपोआप फिरे, पण त्याचा भरवसा नसे. म्हणून जोडीच्या लहान दुर्बिणीत दोन तंतूंच्या फुलीवर एक तारा धरायचा, त्यावरून डोळा काढायचा नाही आणि तारा किंचित हलला की हाताने यंत्र सावरायचे. डोंगरावरच्या थंडीत तीन-तीन तास! गच्चीवर सूर्याच्या मागे चाके फिरवणारा मुलगा आता ताऱ्याच्या मागे चाके फिरवीत होता. काच धुतली तेव्हा तीवर ताऱ्यांचे ढगच्या ढग उतरले होते आणि त्यांच्या मधून काळ्या वाटा गेल्या होत्या. आकाशगंगेचे असे रूप त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते.

मोठी दुर्बीण त्यांना मिळाली ती १८९२ साली, आठवड्यातून एक रात्र. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला त्यांनी गुरूचा पाचवा चंद्र शोधून काढला. गॅलिलिओने १६१० मध्ये चार चंद्र पाहिल्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी हा पाचवा सापडला होता. बार्नार्ड जगप्रसिद्ध झाले. परंतु महिनाभरातच विलार्ड भिंगाच्या काचेवर त्यांना एक अंधुक रेघ दिसली आणि ती धूमकेतूची निघाली. छायाचित्रावरून सापडलेला हा जगातला पहिला धूमकेतू. एवढी कीर्ती मिळूनही जुने भिंग त्यांनी टाकले नव्हते, हे मला त्या चंद्राहून मोठे वाटते.

उलट ते आणखी लहान भिंगाकडे वळले. १८९४ च्या ऑक्टोबरात त्यांनी चित्रे पडद्यावर दाखवणाऱ्या एका स्वस्त कंदिलाचे भिंग काढले. व्यास अवघा दीड इंच, लांबी साडेतीन इंच. एफ क्रमांक अडीचहूनही कमी, म्हणजे विलार्डपेक्षा जवळजवळ पाचपट उजेड. ते त्यांनी मृग नक्षत्रावर लावले. काचेवर जे उमटले त्याने तेही थक्क झाले असतील. मृगाला एका बाजूने कवेत घेणारी तेजाची प्रचंड कमान तेथे होती. डब्ल्यू. एच. पिकरिंग यांच्या काचेवर ती १८८९ मध्ये आली होती, पण जगाच्या लक्षात राहिली ती बार्नार्ड यांच्यामुळे. आज तिला बार्नार्डची कमान म्हणतात. ती इतकी मोठी आहे की मोठ्या दुर्बिणीतून तिचा एखादा तुकडाच दिसावा.

१८९५ मध्ये बार्नार्ड शिकागो विद्यापीठाच्या यर्कीस वेधशाळेत आले. कॅथरिन ब्रूस या बाईंनी दिलेल्या ७,००० डॉलरच्या देणगीतून त्यांच्यासाठी दहा इंची भिंगाची खास छायाचित्रण-दुर्बीण तयार झाली. तिच्यावर आणखी एक लहान भिंग बसवले होते. दोन्हींच्या काचांवर एकच खूण आली तर ती आकाशातली, एकीवरच आली तर तो काचेचा दोष. केवढी ही सावधगिरी! १९०५ मध्ये ही दुर्बीण त्यांनी कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर नेली आणि नऊ महिने आकाशगंगेची छायाचित्रे घेतली.

पण त्या छायाचित्रांतल्या काळ्या वाटा आणि काळे डाग म्हणजे काय? विल्यम हर्शेल यांच्या काळापासून समजूत अशी की, ती आकाशातली भोके, तेथे तारेच नाहीत. बार्नार्ड यांनाही बरीच वर्षे तसेच वाटे. जर्मनीत माक्स वोल्फ हेही अशाच काचा पाहून विचारात पडले होते. मात्र वर्षे गेली तशी बार्नार्ड यांची शंका वाढत गेली. १९१३ च्या उन्हाळ्यात, चंद्र नसलेल्या एका स्वच्छ रात्री ते धनू राशीकडचा भाग टिपत होते. तेवढ्यात आपल्याच वातावरणातले काही लहान ढग त्या तेजस्वी पट्ट्यावर आले. ढग काळेकुट्ट दिसत होते, थेट काचेवरच्या डागांसारखे! आकाशातली भोके ती भोके नव्हेत. तेथे काहीतरी आहे आणि ते मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवीत आहे, याची त्यांना खात्री पटत गेली. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली. मृगातला प्रसिद्ध अश्वशीर्ष मेघ त्या यादीत ३३ वा आहे. हार्वर्डच्या काचांवर तो विल्यमिना फ्लेमिंग या बाईंनी १८८८ मध्येच टिपला होता. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतली धूळ उजेड शोषते हे मोजमापाने दाखवले. आज आपल्याला ठाऊक आहे की हे काळे मेघ म्हणजे शून्याखाली सुमारे अडीचशे अंश सेल्सिअस इतक्या थंडीतले वायू आणि धूळ आहे, आणि नवे तारे जन्म घेतात ते त्यांच्याच पोटात.

शेवटची वर्षे सुखाची नव्हती. मधुमेह जडला होता. १९२१ मध्ये ऱ्होडा गेली. मूलबाळ नव्हते. आकाशगंगेच्या छायाचित्रांचा एक संग्रह काढायचा होता आणि त्यात छापील चित्रे नकोत, खऱ्या छायाचित्रांच्याच प्रती हव्यात, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी ३५,७०० प्रती काढल्या गेल्या आणि त्यांतली प्रत्येक त्यांनी स्वतः तपासली. दुकानातला तो मुलगा शेवटपर्यंत दुकानदारीशी प्रामाणिक राहिला. संग्रह मात्र त्यांना पाहायला मिळाला नाही. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी ते वारले. पुढे वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट आणि ऱ्होडाची भाची मेरी काल्व्हर्ट यांनी तो पूर्ण करून १९२७ मध्ये प्रसिद्ध केला.

मित्रहो, हे चरित्र वाचून मी पुन्हा बांधावर गेलो. या वेळी अण्णांची पन्नासची लेन्स घेऊन. तिचा एफ क्रमांक १.८ पर्यंत उघडतो, लांब लेन्सचा ५.६. वर्ग केले तर नऊ-दहा पटींचा फरक. पूर्ण उघडल्यावर कडेच्या ताऱ्यांना पंख फुटलेले दिसले, म्हणून २.८ वर आणली. तरी चौपट उजेड उरलाच. पाचशेला लेन्सच्या लांबीने भागावे म्हणजे तारा न लांबता किती सेकंद मिळतील ते कळते. आमच्या कॅमेऱ्याचा पडदा लहान, म्हणून सहाच सेकंद आले. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबलो नाही. व्याधाचा तारा पडद्यावर मोठा करून, टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत जुळवला. सहा-सहा सेकंदांची शंभर छायाचित्रे घेतली आणि महाविद्यालयाच्या संगणकावर एकावर एक रचली. मिळून झाली दहा मिनिटे. बार्नार्ड यांचे तीन तास कोठे आणि माझी दहा मिनिटे कोठे! पण बाणाखाली गुलाबीसर धूर स्पष्ट उमटला.

बारावीनंतर गणिताला भिऊन मी कलाशाखेत आलो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात इतरांचे इंग्रजी ऐकताना आपल्यापाशी काहीच नाही, नुसती पोकळी आहे, असे कितीदा तरी वाटले आहे. गेल्या वर्षी शिक्षण सोडून स्टुडिओत कायमचे लागावे, असेही मनात होते. आता वरचे वर्ग आणि भागाकार मी स्वतः वहीवर केले आहेत. स्टुडिओतले काम ही लपवायची गोष्ट आहे, असे आता मला वाटत नाही.

ते छायाचित्र अण्णांनी काढून दिले, ते मी घरी नेले. आई शाळेत कधी गेली नाही. तिने ते दिव्याजवळ धरून बराच वेळ पाहिले. गुलाबी धुराबद्दल तिने काही विचारले नाही. भोवतालच्या काळ्यावर बोट ठेवून, येथे काहीच नाही का, एवढेच विचारले. मी तिच्याजवळ बसलो आणि नॅशव्हिलच्या त्या मुलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.